कॉर्सेअरचे आरसी (रिमोटवर उडणारे) मॉडेल: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः चाकांविषयी

दुरुस्तीसाठी पाठवलेला डावा रिट्रॅक्ट (चाकाचा पाय आत-बाहेर करणारी यंत्रणा) ‘लँडिंग जोरात झाल्याने वॉरंटी लागू नाही’ एवढ्या एका ओळीच्या उत्तरासह परत आला, तेव्हा हा अनुभव सविस्तर लिहायचे ठरवले. पंखांची लांबी, मोटर, बॅटरी ही माहिती घेणाऱ्यांनी आधीच वाचलेली असते, म्हणून ती पुन्हा देत नाही. फोमचा दर्जा चांगला आहे, गडद निळा रंग उन्हात टिकला आहे आणि वळताना दिसणारा पंखांचा तो बाक पाहून आजही मन भरत नाही. माझी तक्रार फक्त चाकांबद्दल आहे, आणि ती किरकोळ नाही, कारण खरे कॉर्सेअर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी लढाऊ विमान, बऱ्याच अंशी चाकांच्या अडचणीतूनच आकाराला आले.

व्हॉट कंपनीच्या रेक्स बाइझेल यांच्या चमूने सुमारे २,००० अश्वशक्तीचे प्रॅट अँड व्हिटनी इंजिन निवडले आणि त्याला १३ फूट ४ इंच व्यासाचा प्रोपेलर जोडला. एवढा प्रोपेलर जमिनीला लागू द्यायचा नसेल तर चाकांचे पाय लांब हवेत; पण लांब पाय विमानवाहू नौकेच्या डेकवरचा आदळा सोसत नाहीत, आणि मागे दुमडले तर पंखात मावतही नाहीत. म्हणून त्यांनी पंखच खाली वाकवला आणि बाकाच्या सर्वांत खालच्या भागात आखूड, भक्कम पाय बसवला. पंख मुख्य धडाला जवळजवळ काटकोनात मिळाल्याने हवेचा रोधही घटला, आणि १ ऑक्टोबर १९४० रोजी पहिल्या नमुन्याने ताशी ४०५ मैलांचा वेग गाठला. मागे जाताना हा पाय स्वतःभोवती सुमारे ९० अंश फिरतो आणि चाक पंखाच्या पोटात सपाट बसते. सूर मारताना हीच मुख्य चाके खाली सोडून हवेतला ब्रेक म्हणून वापरता येत, यावरून त्या पायांच्या ताकदीची कल्पना यावी.

मॉडेलमध्ये हे सगळे फिरणे बोटाच्या पेराएवढ्या धातूच्या ठोकळ्यात होते. ठोकळ्याला तिरपी खाच आहे, पायाच्या वरच्या टोकातली पिन त्या खाचेतून सरकते आणि पाय मागे जाता जाता वळतो. पिन जराशी वाकली की चाक अर्धवट वळून अडकते, रिट्रॅक्टची मोटर घुरघुरत राहते, आणि एक पाय आत तर एक बाहेर अशा अवस्थेत विमान उतरवावे लागते. माझ्याकडचा रिट्रॅक्ट उघडून पाहिला तेव्हा पिन इतक्या नरम लोखंडाची निघाली की साध्या पकडीने ती वाकत होती. सपाट मैदानावर उतरणाऱ्या मॉडेलच्या अशा पिनेचा दोष चालवणाऱ्याच्या माथी मारणे मला मुळीच मान्य नाही. भरीस भर म्हणजे एक पाय सुटा मिळत नाही, जोडीच घ्यावी लागते, आणि जोडीची किंमत अख्ख्या विमानाच्या जवळपास चौथ्या हिश्शाएवढी आहे. मी ती घेतली नाही. तुटलेल्या २ मिमी ड्रिलच्या दांड्याचा तुकडा कापून पिन केली. ती आजतागायत वाकलेली नाही.

पिन बदलल्यावर माझे मत बरेच बदलले. सुरुवातीला मी हे विमान कुणालाही सुचवले नसते. दुरुस्तीनंतर मात्र ध्यानात आले की यंत्रणेची रचना उत्तम आहे, केवळ माल हलका वापरला आहे. उरला प्रश्न उसळीचा आणि उतरताना अचानक पडणाऱ्या डाव्या पंखाचा. हे दोन्ही दोष खऱ्या विमानातही होते. चाक डेकला टेकताच विमान उसळे आणि कमी वेगात डावा पंख आधी स्टॉल होई, म्हणजे त्याची उचल अचानक जाई. शिवाय इंधनाची टाकी पुढे घातल्यामुळे कॉकपिट सुमारे तीन फूट मागे गेले होते, त्यामुळे लांब नाकाआड डेक दिसत नसे. अमेरिकी नौदलाने म्हणूनच ही विमाने आधी किनाऱ्यावरच्या तळांवरून वापरली. फेब्रुवारी १९४३ मध्ये अमेरिकी मरीन वैमानिक ती घेऊन पॅसिफिकमधल्या ग्वादलकनाल बेटावर पोहोचले. ब्रिटिश नौदलाने मात्र डेकवर टेकेपर्यंत वळत येऊन डेक नजरेत ठेवण्याची पद्धत अवलंबली, आणि ३ एप्रिल १९४४ रोजी ‘टिर्पिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवरच्या हल्ल्यात ‘व्हिक्टोरियस’ नौकेवरची कॉर्सेअर संरक्षणाला होती.

डाव्या पंखावरचा खऱ्या विमानातला उपाय फार साधा होता. उजव्या पंखाच्या पुढच्या कडेवर एक छोटी पट्टी लावली, त्यामुळे दोन्ही पंख साधारण एकाच वेळी स्टॉल होऊ लागले. उसळीसाठी शॉक अ‍ॅब्झॉर्बर सुधारले. मी मॉडेलच्या उजव्या पंखावर बाल्साची (हलक्या लाकडाची) लहानशी त्रिकोणी पट्टी चिकटवून पाहिली आणि परिणाम पाहून अक्षरशः थक्क झालो: वेग कमी केला की नाक सरळ खाली झुकते, डावा पंख पडत नाही. त्यामुळे अधिक सावकाश उतरता येते आणि उसळीही बरीच कमी झाली आहे. अस्सल विमानावरची ही पट्टी विक्रेत्याने मॉडेलवर का दिली नाही, हे अनाकलनीय आहे. तिला खर्च जवळजवळ शून्य आहे.

घेणाऱ्यांनी पहिल्या उड्डाणाआधीच दोन्ही पिना बदलाव्यात, पट्टी लावावी, आणि शक्यतो दाट गवतावर उतरू नये, कारण गवतात चाक अडकले की पायावर मागून ताण येतो. विक्रेत्याने पोलादी पिन दिली आणि एक पाय सुटा विकायला सुरुवात केली, तर माझा एक तारा मी आनंदाने वाढवीन. आज पाचपैकी तीन.