जिप्सीत स्विफ्टचं डिझेल इंजिन : इंदूरच्या एका गॅरेजचं काम, खालून वर तपासलेलं

देवास नाक्याच्या मागे ट्रकची कामं करणारी गॅरेजं दाटीवाटीनं उभी आहेत. त्यांतलं एक जुन्या जिप्सी किंगचं पेट्रोल इंजिन काढून तिथे स्विफ्टचं १.३ लिटर डिझेल बसवून देतं. तिथून तयार होऊन आलेली एक गाडी लिफ्टवर घेऊन, कव्हरं उघडून आणि मग जाम गेटच्या चढ-उतारावर चालवून तपासली. निकाल आधीच सांगतो. लोखंडाचं काम अव्वल आहे. तारांचं काम चालण्यासारखं आहे. डिझेलच्या पाइपांचं काम मात्र गाडी ताब्यात घेण्याआधी परत करून घ्यावं असं आहे.

हा खटाटोप कशासाठी? सोळा व्हॉल्व्हच्या जिप्सी किंगचं १२९८ सीसी पेट्रोल इंजिन ८० बीएचपी देतं, पण मिनिटाला ६००० फेऱ्यांवर. आणि त्याचा १०३ न्यूटन मीटर टॉर्क ४५०० च्या आसपास येतो. पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीत तेवढ्या फेऱ्या दिल्या की चाकं फिरतात, खड्डा खणतात आणि गाडी पोटावर बसते. स्विफ्टचं ७५ पीएसचं डिझेल २००० फेऱ्यांवरच १९० न्यूटन मीटर देतं. म्हणजे जवळपास दुप्पट ओढ, तीही निम्म्याहून कमी फेऱ्यांवर. ही जोडी वेडेपणाची नाही. स्पेनमधल्या लिनारेसच्या सान्ताना कारखान्यानं याच घराण्यातल्या सुझुकी सामुराईत प्यूजोचं १.९ लिटर टर्बो डिझेल बसवून ती विकली होती.

अडचण अशी की स्विफ्टचं इंजिन गाडीत आडवं, म्हणजे रुंदीच्या दिशेनं बसतं आणि जिप्सीत ते उभं, म्हणजे लांबीच्या दिशेनं बसवावं लागतं. स्विफ्टचा गिअरबॉक्स इथे उपयोगाचा नाही, जिप्सीचाच ठेवावा लागतो. त्यामुळे सगळं काम इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या अॅडॉप्टर प्लेटवर येऊन थांबतं, आणि पैसे तिथेच मोजायला हवेत. या गॅरेजनं प्लेट गॅसनं कापलेली नाही. १६ मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट खरादावर दोन्ही तोंडांनी सपाट केली आहे आणि इंजिनच्या बाजूला दोन डॉवेल पिना, म्हणजे प्लेट नेमक्या जागी धरणाऱ्या घट्ट खुंट्या आहेत. नुसत्या बोल्टांवर प्लेट मध्यावर राहत नाही. बोल्टाच्या भोकात थोडी ढील असतेच, आणि तेवढ्या ढिलेनं गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लचकडून ताकद आत घेणारा दांडा, वाकडा चालतो.

तपासायची रीत सोपी आहे. फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीक फरक सुईनं दाखवणारं माप) बांधा, त्याचं टोक प्लेटच्या मधल्या भोकाच्या कडेला टेकवा आणि इंजिन हातानं एक पूर्ण फेरी फिरवा. सुई एकूण पाच थाउपेक्षा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. या गाडीत ती तीन थाउ हलली. इतकं नीट काम फार कमी ठिकाणी दिसतं. पाचाच्या पुढे गेलं की सुरुवातीला काहीच कळत नाही. मग क्लच दाबल्यावर घरघर येते, पुढे इनपुट शाफ्टचा बेअरिंग जातो, क्लच प्लेटची मधली डिश फाटते आणि मालक क्लच प्लेट बदलत बसतो.

दुसरी गोष्ट पायलट बेअरिंगची, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. जिप्सीच्या इनपुट शाफ्टचं टोक क्रँकमधल्या छोट्या बेअरिंगवर टेकलेलं असतं. आडव्या बसणाऱ्या इंजिनला त्याची गरजच नसते, म्हणून ती जागाही तयार नसते. इथे खास बुश वळवून फ्लायव्हीलच्या मध्यात घट्ट बसवला आहे आणि त्यात सीलबंद बेअरिंग आहे. पितळी बुश घालून भागवलं असतं तर स्वस्त पडलं असतं, पण चिखलात अर्धा क्लच धरून चालवणाऱ्या गाडीत तो लवकर झिजतो. क्लच प्लेट स्विफ्टच्या मापाची आहे आणि तिच्या मध्यात जिप्सीच्या शाफ्टच्या खाचांना (स्प्लाइनना) जुळणारा हब रिव्हेट केला आहे. बाहेरून प्रेशर प्लेटशी आणि आतून शाफ्टशी जुळण्याचा हाच मार्ग आहे. रिव्हेट मोजा, ते आठपेक्षा कमी नकोत.

जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारा डबा, गिअरबॉक्सपासून वेगळा असतो आणि मधे एक छोटा शाफ्ट असतो. ही रचना या कामाला वरदान आहे, कारण इंजिन थोडं मागेपुढे झालं तर नुसता तो शाफ्ट कापून-जोडून बॅलन्स करता येतो. इथे तो दोन्ही बाजूंनी एकाच कोनात आहे, म्हणून कंप नाही. पण ट्रान्सफरच्या रबरी माउंट जुन्याच ठेवल्या आहेत. १०३ च्या जागी १९० न्यूटन मीटर आले, लो रेंजमध्ये पहिला गिअर पडला, की ट्रान्सफर आपल्या जागी पिळला जातो आणि रबर फाटतं. तीनही माउंट नव्या घ्यायला सांगा, शक्य तर कडक रबराच्या. गिअरबॉक्सही एवढ्या टॉर्कसाठी बनलेला नाही. दगडात अडकलेलं चाक पूर्ण रेस देऊन काढायची सवय असेल तर गिअरचे दात तुटतील, आणि त्यासाठी गॅरेजला दोष देता येणार नाही.

सम्पला, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याला, आम्ही जास्त वेळ दिला. इंजिन उभं फिरवल्यावर सम्पचा खोल भाग नेमका पुढच्या अॅक्सलच्या वर येतो. तो कापून, उथळ करून वेल्ड केला आहे आणि ऑइल ओढणारी नळी नव्या खोलीकडे वळवली आहे. गाडी जॅकवर टांगून अंतर मोजणं फसवं असतं. अॅक्सल बंप स्टॉपला (त्याला वर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत वर उचला आणि मग मोजा. तेव्हा किमान २५ मिलिमीटर हवेत. इथे ३० आहेत. इंजिनचा कल बदलला म्हणून डिपस्टिकची जुनी खूणही खोटी ठरते. गॅरेजनं तीन लिटर मोजून ऑइल भरलं आणि नवी खूण केली. मागितलं नसताना केलेलं हे काम पाहून बरं वाटलं.

आता उणिवा. वायरिंग स्विफ्टचं पूर्ण घेतलं आहे : ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) किल्ली आणि रिंग, पायातला इलेक्ट्रॉनिक पेडल, सगळं एकाच गाडीचं. हे असंच हवं, कारण किल्ली आणि ईसीयू वेगवेगळ्या गाड्यांचे आले तर इंजिन सुरूच होत नाही. पण जिथे तारा लांबवल्या आहेत तिथे पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळली आहे. बॉनेटच्या उष्णतेत टेपचा गोंद वितळतो, सेन्सरचा सिग्नल तुटतो आणि ईसीयू इंजिनची ताकद आपोआप कमी करतो. घाटात मधेच गाडी मरगळली तर आधी हे जोड बघा. सोल्डर आणि हीट श्रिंकशिवाय (गरम केल्यावर तारेवर आवळणाऱ्या नळीशिवाय) काम घेऊ नका, ओबीडीचा (बिघाड वाचायचं यंत्र जोडायचा) पोर्ट डॅशखाली हाताशी ठेवायला सांगा, आणि ईसीयू पायापाशी नको, डॅशच्या वरच्या पातळीवर हवा. चोरलच्या पात्रात उतरणाऱ्या गाडीत पाणी पायापर्यंत येतंच.

सगळ्यात कच्चं काम डिझेलच्या वाटेचं आहे. जुनी ४० लिटरची पेट्रोल टाकी नुसती हलवून धुतली आहे आणि परतीच्या पाइपाला गॅल्व्हनाइज्ड नळी लावली आहे. डिझेल जस्ताला खातं आणि त्यातून निघालेला मळ फिल्टर व इंजेक्टरपर्यंत जातो. अशा कॉमन रेल, म्हणजे फार मोठ्या दाबानं डिझेल फवारणाऱ्या इंजिनच्या इंजेक्टरची भोकं अतिशय बारीक असतात, गंजाचा एक कण पुरतो. टाकी काढून आतून साफ करून घ्या, पाइप साध्या पोलादाचे किंवा डिझेलच्या रबराचे घ्या, आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर अशा जागी लावा जिथून तो दर आठवड्याला खालून उघडता येईल. सांधे ढिले असतील तर हवा शिरते आणि सकाळी गाडी सेल खात राहते, सुरू होत नाही.

ब्रेकच्या बूस्टरला निर्वात लागतो, आणि डिझेलमध्ये तो मॅनिफोल्डमधून मिळत नाही. स्विफ्टच्या इंजिनच्या हेडवर व्हॅक्यूम पंप असतो. त्याची नळी इथे नीट जोडली आहे, मधला एकदिशा व्हॉल्व्हही आहे. रेडिएटरला विजेचे दोन पंखे आणि त्यांच्याभोवती हवा वळवणारं पूर्ण आवरण (श्राउड) आहे. इंदूरच्या मे महिन्यात बायपासवर तापमान स्थिर राहिलं. काळा चिखल मात्र रेडिएटरच्या जाळीत सिमेंटसारखा वाळतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर आतल्या बाजूनं बाहेर पाणी मारा.

पेट्रोल जिप्सी जितकी ओरडत धावते तितकी ही धावणार नाही. डिझेलच्या फेऱ्या लवकर संपतात आणि जिप्सीचा ट्रान्सफर हाय रेंजमध्येही १.४०९ नं फेऱ्या कमी करतो. २०५/७० आर१५ च्या जागी २१५/७५ आर१५ टायर घेतले तर घेर सुमारे पाच टक्के वाढतो आणि हायवेवर इंजिन थोडं मोकळं होतं. स्पीडोमीटर तेवढंच कमी दाखवेल. रोज भोपाळ-इंदूर करणाऱ्यानं या भानगडीत पडू नये.

कागदाचं काम गॅरेज करत नाही, आणि ते मालकानं आधी करायचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील बदलणारा फेरफार परवानगीशिवाय चालत नाही. इंजिन नंबर आणि इंधन दोन्ही बदलणार, म्हणून नायता मुंडल्याच्या आरटीओत काम सुरू करण्याआधी जा, आणि कबाड्याकडून घेतलेल्या इंजिनचं बिल आणि मूळ गाडीचे कागद सोबत ठेवा. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

मजुरी ८५,००० सांगितली, इंजिनचा सेट वेगळा, वेळ सहा आठवडे. प्लेटचं काम पाहता हा दर रास्त आहे, फक्त टाकी, पाइप आणि तारांचे जोड त्यातच लिहून घ्या. इंजिन कबाडातून उचलण्याआधी थंड असताना सुरू करून बघा आणि ऑइलचं झाकण उघडून धूर किती फेकतं ते पाहा. गाडी घेताना प्लेटचं मापासह रेखाचित्रही मागून घ्या. क्लच पुढे कधी खरगोनात किंवा धारला उतरवावा लागला तर तिथला मिस्त्री ते पाहूनच सगळं परत जागेवर बसवू शकेल.