आणखी एक हंगाम की आताच निरोप? पस्तिशी ओलांडलेल्या पुणेकर फुटबॉलपटूसाठी

पुण्याच्या लीगची नोंदणी सुरू झाली की बहुतेक संघांत एखादा जुना गडी असतो, जो फॉर्मवर सही करत नाही आणि नाहीही म्हणत नाही. वय छत्तीस, अडतीस, कधी चाळिशीपार. "बघू रे, गुडघा काय म्हणतोय ते," एवढंच उत्तर. कर्णधार त्याचं नाव यादीत पेन्सिलीने लिहून ठेवतो आणि पोरं विचारत राहतात, "दादा, यंदा आहेस ना?"

हा आढावा त्या दादासाठी आहे. तो कॅम्पातला असेल, खडकीचा किंवा पिंपरीचा. नोकरी सांभाळून पंधरा-वीस वर्षं खेळलेला. खेळत राहणं आणि थांबणं, दोन्हींच्या बाजू मांडतो. माझा कल मात्र आधीच सांगतो. ठरवून एक हंगाम खेळणं चांगलं आणि ठरवून थांबणंही चांगलं. घात करतं ते महिनोन्महिने लांबणारं "बघू".

"बघू" महागात कसं पडतं

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळाच खेळ, पण या घालमेलीचं सगळ्यात ठळक उदाहरण तिथलं आहे. ग्रीन बे पॅकर्स संघाचा क्वार्टरबॅक (पास टाकून खेळ चालवणारा मुख्य खेळाडू) ब्रेट फार्व मार्च २००८ मध्ये सगळ्यांसमोर रडत निवृत्त झाला. काही महिन्यांतच त्याला पुन्हा खेळावंसं वाटलं. तोवर संघाने ॲरन रॉजर्सला पुढे आणायचं ठरवलं होतं. तो बिचारा तीन वर्षं राखीव बाकावर बसून होता. शेवटी फार्वला न्यूयॉर्क जेट्सकडे जावं लागलं. फेब्रुवारी २००९ मध्ये पुन्हा निवृत्ती आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मैदानात, या वेळी मिनेसोटा व्हायकिंग्जकडून.

आता त्याचे पुढचे दोन हंगाम शेजारी-शेजारी ठेवून बघा. २००९ च्या हंगामात, चाळिशी गाठताना, ३३ टचडाउन पास (गुण मिळवून देणारे) आणि फक्त ७ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास). संघ सुपर बोलपासून, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापासून, एका सामन्यावर. कोणीही म्हणेल, बरं झालं थांबला नाही. २०१० मध्ये ११ टचडाउन पास, १९ इंटरसेप्शन, खांदा दुखावलेला आणि सलग २९७ सामन्यांत सुरुवातीपासून खेळण्याचा विक्रम तिथेच थांबलेला. त्याच हंगामाच्या शेवटी, फेब्रुवारी २०११ मध्ये, रॉजर्सने ग्रीन बेला सुपर बोल जिंकून दिला. म्हणजे गेलं वर्ष छान गेलं, हे पुढचं वर्ष खेळण्याचं कारण होऊ शकत नाही. या वयात प्रत्येक हंगामाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

शरीर

इथे स्वतःची फसवणूक सगळ्यात सहज होते. रविवारी सिंहगड न थांबता चढता येतो, म्हणजे दम शाबूत आहे, असं अनेक जुने खेळाडू मला सांगतात. दम असतोच. वयाबरोबर आधी जातो तो वेग, आणि त्याहूनही आधी लागोपाठ वेग घेण्याची ताकद. पहिली धाव तुम्ही जिंकता, दुसऱ्या धावेत बरोबरी होते आणि तिसऱ्या वेळी एकोणीस वर्षांचा विंगर (कडेने धावणारा आक्रमक) तुमच्या बाजूने निघून गेलेला असतो. गड चढताना हे कळत नाही, कारण गडावर कोणी अचानक दिशा बदलायला लावत नाही.

दुसरी गोष्ट भरून येण्याची. रविवारचा सामना खेळून बुधवारी जिना उतरताना पोटरी ओढत असेल, तर शनिवारपर्यंत तुम्ही पुढच्या सामन्यासाठी तयार होणार नाही. जुनी दुखापत ही तर नव्या दुखापतीची सगळ्यात खात्रीशीर नांदी. मांडीच्या मागचा स्नायू एकदा फाटला की तो पुन्हा फाटण्याची शक्यता वाढलेली असते. गेल्या दोन हंगामांत एकाच जागी दोनदा दुखापत झाली असेल, तर माझं मत स्पष्टपणे थांबण्याकडे झुकतं.

मैदानांचाही विचार करा. एसएसपीएमएसच्या मैदानासारख्या मातीवर पावसात पाय चिखलात रुततो आणि उन्हाळ्यात तीच माती दगडासारखी होते. बाणेर-वाकडच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, चेंडू छान पळतो, पण वळताना बुटाचा स्टड अडकला की सगळा पीळ गुडघ्यावर येतो.

खेळायचंच असेल तर त्याची किंमत काय, तेही सांगतो. आठवड्यातून दोनदा पायांच्या ताकदीचा व्यायाम. प्रत्येक सराव आणि सामन्याआधी नीट वॉर्मअप. फिफाची "११ प्लस" ही वीस मिनिटांची पद्धत नियमित केली तर दुखापती कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. आणि झोप. हिंजवडीहून रात्री नऊला घरी पोहोचणाऱ्या माणसाला हे जमणार आहे का, याचं उत्तर त्यालाच द्यायचं आहे. जमणार नसेल तर तो पाच वर्षांपूर्वीच्या तयारीवर आजचा सामना खेळतो आहे.

पस्तिशीनंतर हृदयाची तपासणी न करता स्पर्धात्मक फुटबॉल खेळू नये, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. या वयात खेळताना अचानक होणाऱ्या मृत्यूंमागे बहुतेक वेळा हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधले अडथळे असतात, आणि ते बाहेरून तब्येत ठणठणीत दिसणाऱ्या माणसातही असू शकतात. ईसीजी, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट. घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर हे नोंदणीच्या आधी, नंतर नाही.

थांबण्याच्या बाजूलाही एक धोका आहे, तो कोणी सांगत नाही. वीस वर्षं धावलेलं शरीर एकदम घरी बसवलं की वजन चढतं, आणि वाढलेलं वजन त्याच दुखऱ्या गुडघ्यावर येतं. म्हणून थांबायचं ठरवलं तरी पोहणं, सायकल किंवा रोजचं चालणं त्याच आठवड्यात सुरू व्हायला हवं.

तुम्ही कुठे खेळता

हा मुद्दा थोडक्यात. गोलकीपर असाल तर वय बरंच माफ होतं. डिनो झोफने १९८२ मध्ये चाळिसाव्या वर्षी इटलीचा कर्णधार म्हणून विश्वचषक उचलला, आणि इजिप्तचा एसाम अल-हदारी २०१८ च्या विश्वचषकात ४५ व्या वर्षी खेळला, वर पेनल्टीही अडवली. स्टॉपरला, म्हणजे मधल्या बचावपटूला, खेळाचं वाचन आणि बोलणं तारून नेतं. विंगरला आणि साइड बॅकला (कडेच्या बचावपटूला) काहीच तारत नाही. त्यांनी एकतर मधे यावं किंवा थांबावं.

संघाला तुम्ही कशासाठी हवे आहात

"दादा, तू हवासच" या वाक्याचे दोन अर्थ असतात. एक, तुमच्या खेळाची गरज आहे. दोन, तुमच्या असण्याची गरज आहे: ड्रेसिंग रूममध्ये पोरांना सांभाळायला, रेफरीशी शांतपणे बोलायला, ०-१ ने मागे असताना डोकं थंड ठेवायला. दुसऱ्या गरजेसाठी अकरांत असावंच लागतं असं नाही. कोचला सरळ विचारा: "मी सुरुवातीपासून खेळणार आहे की शेवटची वीस मिनिटं? आणि माझ्या जागी कोण तयार होतोय?" दुसऱ्या प्रश्नाला नाव आलं, तर त्या मुलाला यंदा किती मिनिटं मिळतील याचा हिशेब तुमच्या निर्णयात धरायलाच हवा. नाव आलं नाही, तर तुमच्या खेळण्याला खरं कारण आहे.

भारताचा कर्णधार सुनील छेत्रीच्या बाबतीत नेमका हाच पेच होता. १६ मे २०२४ रोजी त्याने जाहीर केलं की ६ जूनचा कुवेतविरुद्धचा सामना भारतासाठी शेवटचा. तो कोलकात्यात ०-० असा सुटला. १५१ सामने आणि ९४ गोल नावावर ठेवून तो गेला. त्या अख्ख्या वर्षात भारताला एकही सामना जिंकता आला नाही. मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो परतला आणि शिलाँगमध्ये मालदीवविरुद्धच्या ३-० विजयात हेडरने ९५ वा गोल केला. तो परत येऊ शकला, कारण मधल्या काळात बंगळुरू क्लबकडून खेळणं त्याने सोडलं नव्हतं. त्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) हंगामात त्याचे १४ गोल होते. मला त्या हेडरचा मनापासून आनंद झाला. आणि चाळिशीतल्या माणसाला परत बोलवावं लागलं, म्हणजे त्याच्या मागे कोणी उभंच राहिलं नव्हतं, याची खंत अजून जात नाही. आपल्या लीगमध्ये हे छोट्या प्रमाणावर दरवर्षी घडतं.

नावाच्या मोठेपणावर पाय चालत नाहीत, हे तर पुण्याने डोळ्यांनी पाहिलं आहे. १९९८ चा विश्वविजेता आणि २००० च्या युरो अंतिम सामन्यात गोल्डन गोल (जादा वेळेत सामना तिथेच संपवणारा गोल) करणारा डाविड ट्रेझेगे २०१४ मध्ये एफसी पुणे सिटीकडून बालेवाडीत खेळला. गोलसमोर कुठे उभं राहायचं ही जाण तशीच होती, पण तिथे पोहोचायला पाय उशीर करत होते. जानेवारी २०१५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याने पुण्यानंतर आणखी एक क्लब शोधला नाही, हे मला फार आवडलं.

घर

रविवारची सकाळ गेली वीस वर्षं घराने तुम्हाला दिली आहे. ती पुढेही हवी असेल तर मागून घ्या, गृहीत धरू नका. आणि लिगामेंट तुटलं तर सहा ते नऊ महिने, शस्त्रक्रिया, बिनपगारी रजा, हे सगळं घरावर येतं. कंपनीच्या विम्यात काय बसतं ते सही करण्याआधी वाचून घ्या.

मधली वाट

खेळणं आणि थांबणं यांच्या मधे बरीच जागा आहे. खालच्या डिव्हिजनमध्ये उतरणं, व्हेटरन्सचे सामने, किंवा मित्रांसोबत टर्फवर फाइव्ह-अ-साइड. शेवटच्या पर्यायाबद्दल सावध करतो: छोटं मैदान म्हणजे सोपं मैदान नव्हे. तिथे वळणं आणि धक्के जास्त असतात आणि वॉर्मअप कोणीच करत नाही.

ज्यांना पोरांना शिकवायला आवडतं त्यांनी एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) डी लायसन्स या कोचिंगच्या परवान्याचा विचार करावा. कोचिंगची शिडी तिथून सी, बी, ए अशी वर जाते. रेफरी होऊन शिट्टी हातात घेतली तरी आपल्या स्थानिक फुटबॉलवर उपकारच होतील, कारण वीस वर्षं खेळलेल्या माणसाला फाउल कुठे होणार हे आधीच दिसतं.

कधी आणि कसं ठरवायचं

हरलेल्या रात्री अजिबात नाही. जून २०१६ मध्ये कोपा अमेरिकाचा अंतिम सामना चिलीविरुद्ध पेनल्टींवर हरल्यावर, स्वतःची पेनल्टी चुकवलेल्या मेस्सीने अर्जेंटिनाकडून खेळणं संपल्याचं सांगून टाकलं. दोन महिन्यांत तो निर्णय मागे घेतला, म्हणूनच २०२१ ची कोपा आणि २०२२ चा विश्वचषक त्याच्या वाट्याला आले. उलटही तितकंच खरं आहे: हॅटट्रिकच्या संध्याकाळी "अजून तीन वर्षं" म्हणू नका.

शेवटच्या सामन्यानंतर तीन-चार आठवडे चेंडूला हात-पाय लावू नका. मग तपासण्या करा, कोचशी बोला, घरी बोला. त्यानंतरही सोमवारी संध्याकाळी सरावाला जायची ओढ असेल, फक्त सामन्याची नव्हे, तर खेळा. पण हा शेवटचा हंगाम असं नोंदणीच्या वेळीच संघाला सांगून खेळा, म्हणजे तुमच्या जागेवरच्या मुलाला वर्षभर तुमच्याकडून शिकता येईल. सराव नकोसा आणि सामना तेवढा हवासा वाटत असेल, तर फॉर्म कर्णधाराला परत द्या आणि त्या जागी कोणाचं नाव लिहायचं ते त्याच्यासोबत बसून ठरवा.