जांभळी नाक्यावरचं काष्ठौषधींचं दुकान: खारांसाठी जावं असं

ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या या दुकानात सज्जीखार आणि जवखार वेगवेगळ्या बरण्यांत असतात, हेच मोठं. पहिला मुळात खाऱ्या जमिनीतल्या झुडपांच्या राखेतला, म्हणजे मुख्यतः सोडियम कार्बोनेट. दुसरा जवाच्या राखेतला, पोटॅशियम कार्बोनेट. पापडाला सज्जीखारच घ्या. किलोभर उडदाच्या पिठाला साधारण ३० ग्रॅम पुरतो. पाण्यात उकळून रात्रभर ठेवायचा, सकाळी वरची निवळी गाळून घ्यायची, तळचा गाळ फेकायचा. खार जास्त झाला की पापड तळताना लाल पडतो, चव साबणासारखी लागते. जवखार हवेतलं पाणी ओढतो, आणि इथे देतात कागदाच्या पुडीत! पावसाळ्यात घरी पोचेपर्यंत चिकट होतो. झाकणाची काचेची बाटली न्यावी. भाव चढा, पण सज्जीखार म्हणून खायचा सोडा गळ्यात मारत नाहीत.