पिरॅमिडचा तयार संच: पुठ्ठा चांगला, माप चुकलेलं

सोलापुरात नवी पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानांत शाळेच्या प्रकल्पासाठी मिळणाऱ्या संचांपैकी हा एक. पुठ्ठा जाड, रेतीचा कागदही बरा. घोळ मापात आहे.

गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचा पाया सुमारे 230 मीटर, मूळ उंची 146.6. म्हणजे 1:1000 प्रमाणात पाया 23 सेंमी, उंची साधारण 14.7. संचातले त्रिकोण मात्र समभुज, 23 सेंमी बाजूचे. ते जोडले की उंची 16.3 होते आणि पिरॅमिड उगाच टोकदार दिसतो. उपाय सोपा: पाया 23 सेंमीच ठेवून त्रिकोणाची मधली उंची 18.6 आखा आणि नव्याने कापा. राजाची खोली दाखवायची तर एक बाजू उघडी ठेवा. त्या खोलीची जमीन पायापासून 4.3 सेंमीवर येते.

थर्माकोलला पांढरा फेविकॉलच लावा. रबर सोल्युशनने थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. फेविकॉल वाळायला रात्रभर द्या. घाई केली की कडा उचकटतात, मग सेलोटेपची मलमपट्टी!

संचातल्या पुस्तिकेत इजिप्तचा राजा तुतनखामेन याला पिरॅमिडात झोपवलंय. तो सापडला राजांच्या दरीत, खडकात कोरलेल्या थडग्यात, 1922 मध्ये पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला. ते पान फाडा. ‘हरवलेली थडगी’ हा तक्ता मात्र झकास: अलेक्झांडर, क्लिओपात्रा, चंगेजखान. तिघांचीही थडगी अजून सापडलेली नाहीत, आणि परीक्षक नेमकं त्यावरच विचारतात.