मोजायचं की गोष्ट ऐकायची?

मेलबर्नच्या वहिनींनी विचारलं, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी चित्रकारांच्या मुलांसाठीच्या दोन पुस्तकांतलं कोणतं घेऊ? एक ब्रॉनविन बँक्रॉफ्ट यांचं १, २, ३ मोजायचं प्राण्यांचं पुस्तक, दुसरं डिक रफसी यांचं १९७५ चं ‘द रेनबो सर्पंट’ (इंद्रधनुषी साप). घरात दीड वर्षाची लेक आणि सहा वर्षांचा मुलगा. मी दोन्ही वाचून दाखवलीत.

टिकाऊपणात पहिलं सरस, अर्थात जाड पुठ्ठ्याची आवृत्ती घेतली तर. पोर चावतं, पुसून पुन्हा वाचा. रफसींचं पुस्तक कागदी पानांचं, लहानग्या हातात दिलं की फाटलंच समजा.

वाचणाऱ्याचे कष्ट? पहिल्यात जवळपास शून्य. बुंजालुंग या आदिवासी समाजाच्या बँक्रॉफ्ट यांचे रेघा-ठिपक्यांनी भरलेले भडक रंगांचे प्राणी पोर स्वतःच बोटाने दाखवतं, आपण फक्त ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं, तेही खुशाल मराठीत. दुसऱ्याला निवांत वेळ हवा. रफसी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या मॉर्निंग्टन बेटावरच्या लार्डिल समाजाचे. त्यांचा गूरियाला नावाचा अजस्र साप सरपटत जातो तिथे दऱ्या-डोंगर घडतात. तो दोन मुलं गिळतो, मग माणसं त्याचं पोट चिरतात आणि आतून दोन रंगीत पोपट भुर्रकन उडतात! इथे माझा भाचा दर वेळी घाबरून मांडीत सरकतो, आणि ‘परत वाच’ही म्हणतो.

निसर्गाबद्दल जास्त कळतं ते सापाकडूनच: डोंगर, प्राणी, माणसं एकाच गोष्टीतली. मोजणीच्या पुस्तकात हे नाही, त्याचं ते कामही नाही.

तेव्हा वहिनी, लेकीला बँक्रॉफ्ट, मुलाला रफसी. एकच घ्यायचं तर रफसी घ्या, फक्त ते वरच्या फळीवर ठेवा.