उद्यमनगरातला पाटी नसलेला मोटार वायंडर: चार स्टार, पाचवा फोन न उचलल्याबद्दल कापला

गिरणीची, पंपाची, बोअरची, कसलीबी मोटार असू दे, कोल्हापुरात वायंडिंग (म्हणजे मोटारीतल्या तारांची गुंडाळी) करून देणारी दुकानं ढिगानं आहेत, मग एकाच दुकानाबद्दल एवढं लांबलचक कशाला लिहायचं असं वाटेल, पण गेल्या महिन्यात आमची मोटार जळली, परत तिथंच नेली आणि आता लिहूनच टाकावं म्हटलं. दुकान शिवाजी उद्यमनगरात आतल्या गल्लीत आहे. पाटी नाही. होती म्हणे, पत्रा गंजून पडला आणि परत लावलीच नाही. मिस्त्रींचं नाव लिहू का विचारलं तर म्हणाले, "नको ओ ताई, पावसाळ्यात हाय ती गर्दीच आवरंना." म्हणून नाव लिहीत नाही. उद्यमनगरात कुठल्याबी चहाच्या टपरीवर "पाटी नसलेला वायंडर" म्हणून विचारा, बरोबर हात दाखवतात.

आधी आमचं सांगते म्हणजे कळेल. शुक्रवार पेठेत आमची पिठाची गिरणी आहे, साडेसात एचपीची थ्री फेज मोटार. लॉकडाऊनमध्ये मिस्टरांची नोकरी गेली, घरात बसून बसून दोघांचंही डोकं फिरायची वेळ आली आणि तेवढ्यात एकजण गिरणी विकतोय कळलं, थोडं सोनं मोडलं आणि घेऊन टाकली. नातेवाइकांत कुजबुज झाली, ग्रॅज्युएट सून आता पीठ दळणार. दळतेच. भाजणी, ज्वारी, गहू, नाचणी, सगळं. दिवसभर केस पांढरे होतात एवढाच काय तो तोटा.

गिरणीला वर्ष होतंय तोवर २०२१ चा जुलै आला. बाहेरगावच्यांसाठी सांगते, आमच्याकडं पावसाळ्यात लोक हवामानाचा अंदाज बघत नाहीत, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात, ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, आणि राधानगरी धरणाच्या सातातले किती ऑटोमॅटिक दरवाजे उघडले ते. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं तेव्हा सगळे म्हणत होते असलं परत आपल्या हयातीत नाही, दोनच वर्षांत परत आलं. पिठाचे डबे, लोकांची धान्याची पोती माळ्यावर टाकली, पण मोटार खाली फाउंडेशनला बोल्टनं आवळलेली, काढायला चार माणसं लागतात आणि त्या रात्री पेठेत जो तो आपापल्या घरात सामान उचलत होता. मोटार पाण्यात गेली.

पाणी उतरल्यावर पहिल्यांदा एका जवळच्या दुकानात दाखवली (कुठलं ते जाऊ दे). त्यानं झाकणसुद्धा उघडलं नाही, लांबूनच म्हणाला जळली, पूर्ण रिवायंडिंग (सगळी तार नव्यानं गुंडाळायची), निम्मे पैसे आत्ता ठेवा. आमच्या शेजारचे काका बरोबर होते, इरिगेशनमधनं रिटायर, ते तिथंच म्हणाले, लाईट आदल्या दिवसापासनं बंद, मोटार फिरलीच नाही तर जळंल कशानं? त्याला उत्तर नव्हतं. काकांनीच मग उद्यमनगरात नेलं.

तिथली रांग अजून डोळ्यासमोर आहे. टेम्पो, रिक्षा, बैलगाडीसुद्धा एक होती, आणि दुकानापासून गल्लीच्या टोकापर्यंत चिखलानं माखलेल्या मोटारी. चिखली, आंबेवाडीकडचे शेतकरी नदीवरच्या मोटारी घेऊन आलेले, नदीकाठचे लोक पाणी चढायला लागलं की सगळं सोडून आधी मोटारी काढायला पळतात, तरी कुणाच्या ना कुणाच्या राहतातच. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी लोक पाण्याचे पंप घेऊन. मिस्त्री प्रत्येक मोटारीच्या बॉडीवर खडूनं नंबर टाकत होते आणि सगळ्यांना एकच वाक्य, "घरात कोरडी दिसली म्हणून बटण दाबू नका, दाबलं की मग मातूर माझं काम वाढलं." एकजण गाडीतून उतरला आणि म्हणाला डबल देतो, आज करा. मिस्त्रींनी त्याच्या पंपावर पण खडूनं नंबर टाकला. बास. पुढं काही बोललेच नाहीत.

माझी मोटार बघितल्यावर मात्र विचारलं, कशाची हाय? म्हटलं गिरणीची. पेठेत दुसरी गिरणी चालू हाय काय? म्हटलं नाही, सगळ्या पाण्यात. मग ते रांगेकडं वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "गिरणीची मोटार हाय, पेठेत पीठ न्हाई, पुढं घेऊ का?" विचारलं हं, सांगितलं नाही. पहिल्या नंबरवर एक शेतकरी आजोबा होते, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात, ते म्हणाले घे की, माझा ऊस काय पळून जात न्हाई, गेला तो गेला. मला रडूच आलं तिथं, पण चिखल असलेल्या हातानं डोळे पुसता येत नाहीत.

आता काम कसं करतात ते सांगते कारण रिव्ह्यूत तेच महत्त्वाचं. मोटार उघडली, रोटर म्हणजे आतला फिरणारा भाग बाहेर काढला, आतला गाळ साध्या स्वच्छ पाण्यानं धुतला. मला वाटलं आधीच पाणी गेलंय आणि हे परत पाणी मारतायत, तर म्हणाले पाण्यानं वायंडिंग मरत नाही, गाळानं मरतं. मग ती पत्र्याची मोठी पेटी आहे त्यांच्याकडं, आत बल्ब लावलेले, त्यात ठेवून सावकाश वाळवली. घाईनं तापवलं तर इन्सुलेशन तडकतं म्हणे. नंतर मेगर लावला, म्हणजे तो हँडल फिरवायचा डबा, तारेतून बॉडीत करंट उतरतोय का ते दाखवतो. काटा मला दाखवला. एक मेगओमच्या खाली काटा असेल तर चालू करायची नाही, परत पेटीत. माझी परत पेटीत गेली. दुसऱ्या वेळी काटा वर चढला तेव्हा वार्निश मारलं, भाजलं, दोन्ही बेअरिंग नवीन टाकली कारण ग्रीसमध्ये गाळ शिरलेला. रिवायंडिंग केलंच नाही, गरजच नव्हती. बिल अठराशे, बेअरिंगसकट. दुसऱ्याकडं नुसता ऍडव्हान्स याच्या डबल मागितला होता.

तेव्हा विचारलं की एवढी गर्दी आहे, सगळ्यांची रिवायंडिंग केली असती तर वर्षाचा गल्ला एका महिन्यात झाला असता. लोकांना काय कळतंय? तर हसले. भिंतीवर जोतिबाचा आणि अंबाबाईचा फोटो आहे, त्याकडं बघून म्हणाले, "त्येला रोज सकाळी म्हणतो काम लाव बाबा. काम लाव म्हटल्यावर त्यानं पूर आणला, आता त्यात लबाडी केली तर परत काय तोंडानं मागू?" मी फारशी देवभोळी नाही, पूर जोतिबानं आणला हे तर मला अजिबात पटत नाही, तसं तोंडावर म्हटलं पण. म्हणाले, पटू द्या नाहीतर नको, मोटार चालती ना?

त्यांचं लॉकडाऊनचं नंतर कळलं, मामींकडून, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोकडून. उद्यमनगर पूर्ण बंद, लेथचा आवाज नाही, हातगाडीवर भाजी विकली दोघांनी. रविवारी जोतिबाच्या डोंगरावर जायचा नेम पण मोडलेला, देऊळच बंद, चैत्र यात्रा २०२० आणि २०२१ दोन्ही वर्षं भरली नाही, सासनकाठ्या नाहीत, गुलाल नाही. मामी म्हणाल्या माणूस रविवारी सकाळी गच्चीवर जाऊन डोंगराच्या दिशेला तोंड करून चांगभलं म्हणायचा आणि खाली येऊन भाजीची गाडी काढायचा. लाज वाटली काय विचारलं, वायंडरला भाजी विकायची? मामी म्हणाल्या, वांगी पण मोजूनच द्यायची असत्यात.

मामींबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. दुकानात कॉईल त्या बनवतात. मशीनवर बसतात, काउंटरवर टर्न (तारेचे वेढे) मोजतात आणि मग स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचेत आधी कागद, मग तारांचा झुबका बोटांनी एकेक तार सरळ करत आत सरकवायचा, वरून बांबूची पट्टी ठोकायची. एक तार जरी वार्निश खरवडून गेली तरी पुढं शॉर्ट. त्यांची बोटं बघा कधी गेलात तर, टोकाला कातडी अशी गुळगुळीत झालीय की मोबाईलला अंगठा लागत नाही, लॉक उघडायला नातवाला हाक मारतात. आणि गिऱ्हाईकं येऊन त्यांनाच विचारतात, मिस्त्री कुठंयत? समोर बसलेली बाई अर्धं काम करतीय हे डोक्यातच येत नाही लोकांच्या.

आता गेल्या महिन्याचं. या वेळी मोटार खरंच जळली, वास आला, धूर आला. उघडल्यावर मिस्त्रींनी बोलावून आत दाखवलं: एका फेजच्या कॉईल कोळसा, बाकी दोन फेजच्या तांबूस, चांगल्या. म्हणाले सगळ्या सारख्या काळ्या असत्या तर ओव्हरलोड म्हटलं असतं, हे असं दिसलं की एक फेज गेला आणि मोटार दोन फेजवर ओढत राहिली. म्हणजे दोष स्टार्टरचा. स्टार्टर मागवून घेतला तर आतला रिले (करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा) मोटारीच्या प्लेटवरच्या अँपिअरपेक्षा बराच वर फिरवून ठेवलेला, आधीच्या कुठल्यातरी इलेक्ट्रिशियननं, सारखी ट्रिप होते म्हणून केला असणार. नुसती मोटार भरून दिली असती तर परत जळली असती आणि परत त्यांनाच धंदा. रिले बदलला, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारा) लावायला सांगितला, तो त्यांच्याकडं मिळत नाही, लक्ष्मीपुरीत घ्या म्हणाले. वर एक बोलणं पण खाल्लं, मोटारीच्या मागच्या पंख्याच्या जाळीत पीठ साठून थर बसलेला, हवा कुठनं जाणार? दर आठवड्याला ब्रशनं झाडायची, पाणी मारायचं नाही.

तार तांब्याची. हे मुद्दाम लिहितेय कारण काही ठिकाणी तांब्याचे पैसे घेऊन ॲल्युमिनियम भरतात आणि वार्निश मारल्यावर आपल्याला कप्पाळ कळतंय. इथं गुंडाळी समोर फोडली, गेज म्हणजे तारेची जाडी मोजून दाखवली, जुन्या कॉईलचे टर्न मोजून वहीत लिहिले, वही दाखवली. आणि जुनी जळकी तार! ती बहुतेक सगळे वायंडर ठेवून घेतात, रिवाजच आहे, कुणी विचारतही नाही. यांनी काट्यावर टाकली, भाव लावला, बिलातून वजा केला. आठ हजारांच्या आसपास बिल होतं त्यात हे वजा म्हणजे चांगलीच रक्कम. मिस्टर म्हणाले राहू दे ओ, ठेवा तुम्ही. तर मिस्त्री थोडे चिडलेच, "तांबं तुमचं हाय, मी मजुरी घेतलीया की."

आपल्या गावात हातात कला असलेल्या मिस्त्री लोकांना मान आहे असं आपण अभिमानानं सांगतो, बाबूराव पेंटरांच्या काळात सिनेमाचा कॅमेरा इथं बनवला, म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून घेतात, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतलं कास्टिंग कुठं कुठं जातं. पण पोराला वायंडिंग शिकायला पाठवतो का कुणी? मिस्त्रींकडं दोन वर्षांत एक पोरगं टिकलेलं नाही. सगळ्यांना एसीत बसायचंय. मला पण माझ्या लेकीनं एसीत बसावं असंच वाटतं, खोटं कशाला बोलू.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, म्हणजे नाहीच, वार्निशचे हात असतात म्हणे, मग निदान मामींनी तरी उचलावा. तीन दिवस म्हणाले की पाच धरा. रविवारी बंद, पौर्णिमेलाही कधी कधी डोंगरावर जातात ते आधी सांगत नाहीत, मी एकदा रिक्षाचं भाडं घालून गेले आणि शटर बंद. बसायला जागा नाही, उलटा ठेवलेला डबा आहे एक. जीएसटीचं बिल मिळत नाही, वहीतल्या कागदावर लिहून देतात, कंपनीवाल्यांना चालणार नाही. क्यूआर कोड आहे पण तो मिक्सरच्या मोटारींच्या मागं लपलाय, मागून घ्या. घासाघीस करू नका, एक रुपया कमी करत नाहीत आणि तोंड वाकडं करतात. खंडेनवमीला मात्र जा, हातोडा, पकड, मेगर, कॉईलचं मशीन सगळं पुसून झेंडू लावलेले असतात आणि त्या दिवशी बेसनाचा लाडू मिळतो, भारी असतो.

जाणार असाल तर मोटारीबरोबर स्टार्टर पण न्या, नाहीतर परत हेलपाटा. पुली आणि पट्टा घरीच काढून ठेवा, त्यांच्याकडं ठेवायला जागा नाही आणि हरवली तर जबाबदारी घेत नाहीत. दुपारी दोन ते तीन जेवायला बंद.