"तुमच्या अनुभवाचे क्रेडिट धरलेत" : बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या नावाखाली माझे ८७,५०० रुपये गेले

आधी हिशोब मांडते. नोंदणी ५,५००. पहिला हप्ता ३५,०००. 'क्रेडिट ट्रान्सफर'चे, म्हणजे आधी झालेला अभ्यास नव्या पदवीत धरण्याचे, १८,०००. परीक्षा फी १२,४००. 'प्रॅक्टिकल सेंटर'चे ९,०००. मायग्रेशन आणि पदवी प्रमाणपत्राचे ७,६००. एकूण ८७,५०० रुपये. त्यातले ३५,००० आणि ९,००० रोख, उरलेले ४३,५०० यूपीआयने. बचत गटातून उचललेल्या ३०,००० चा हप्ता मी अजून भरतेय. आणि ज्या विद्यापीठाचं नाव त्या पदवीवर छापलंय, त्या विद्यापीठाने माझ्या कंपनीला लेखी कळवलंय की हा नोंदणी क्रमांक आमचा नाही.

"घरबसल्या डिग्री घ्यायला गेलीस, मग असंच होणार" हे मी नातेवाइकांकडून ऐकलंय, पोलिसांकडूनही ऐकलंय. म्हणून मला डिग्री कशाला हवी होती ते सांगते. कोकणातल्या एका एमआयडीसीत औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, मी असिस्टंट आहे. बारावी सायन्स, एफवाय बी.एस्सी. २०११ साली पास, एसवायला असताना लग्न झालं आणि कॉलेज सुटलं. आज लॅबमध्ये चाचण्यांची व्हॉल्युमेट्रिक सोल्युशन मी बनवते, त्यांची नेमकी तीव्रता ठरवायचं स्टँडर्डायझेशन मी करते, एलओडी (वाळवल्यावर घटणारं वजन), पीएच, कार्ल फिशर (पाण्याचं प्रमाण) या सगळ्या चाचण्या माझ्या हातून जातात. रिपोर्टवर केमिस्ट म्हणून सही मात्र पदवीवाल्याची. नवा आलेला मुलगा माझ्याकडून टायट्रेशन शिकतो आणि वर्षभरात माझ्या वर जातो. तारापूर, रोहा, महाड, लोटे, कुठल्याही एमआयडीसीत विचारा, अशी माणसं प्रत्येक लॅबमध्ये सापडतील.

आणि नियमही तसाच आहे. औषध नियम १९४५ प्रमाणे उत्पादनावर देखरेख करणारा माणूस विज्ञान पदवीधर असेल, तर त्याने रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेतलेला असावा लागतो आणि पदवी मिळाल्यानंतरचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. पदवीच्या आधी मी काढलेली वर्षं त्यात धरत नाहीत. म्हणजे पदवी जितकी उशिरा, तितकं सगळंच उशिरा. माझी घाई या कारणाने होती, आळसाने नव्हे.

माझे पैसे घेणाऱ्या या लोकांचं ऑफिस तालुक्याच्या गावात, बाजारपेठेत दुसऱ्या मजल्यावर. जानेवारी २०२५ मध्ये मी तिथे गेले. असल्या ठिकाणी "पैसे द्या, डिग्री घ्या" असं कुणी म्हणत नाही. तिथल्या एजंटने मला नवीन शैक्षणिक धोरण समजावून सांगितलं, आणि त्याने वापरलेला प्रत्येक शब्द खरा होता. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा ठेवणारी 'क्रेडिट बँक', खरी आहे. मल्टिपल एंट्री-एक्झिट, म्हणजे शिक्षण मध्येच सोडून पुन्हा सुरू करायची सोय, खरी आहे. युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) नोव्हेंबर २०२४ मध्ये पदवी लवकर पूर्ण करायची सोय मान्य केली, त्या बातमीचं कात्रण त्याने लॅमिनेट करून टेबलावर ठेवलं होतं, तेही खरं होतं. "तुमचं एफवाय झालंय, ते क्रेडिट ट्रान्सफर होतील, उरलेली दोन वर्षं फास्ट ट्रॅकने एका वर्षात." विद्यापीठ शेजारच्या राज्यातलं, खरंखुरं. युजीसीच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत मी घरी येऊन शोधलं, नाव नव्हतं. लक्षात ठेवा, त्या यादीत नाव नाही एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. विद्यापीठ खरं आणि प्रवेश खोटा, हाच तर यांचा धंदा आहे.

आता मला माहीत झालेलं सांगते, जे त्या दिवशी मला कुणी सांगितलं असतं तर पैसे वाचले असते. फास्ट ट्रॅकने तीन वर्षांच्या पदवीतलं जास्तीत जास्त एक सेमिस्टर कमी होतं, तेही पहिल्या-दुसऱ्या सेमिस्टरनंतर संस्थेची समिती ठरवते. एजंट ठरवत नाही. क्रेडिट बँक सुरू झाली २०२१ साली आणि क्रेडिटची मुदत जास्तीत जास्त सात वर्षं. माझं २०११ चं एफवाय तिथे असायचा प्रश्नच नव्हता. ज्या ट्रान्सफरचे १८,००० घेतले, त्यात ट्रान्सफर करण्यासारखं काही नव्हतंच.

केमिस्ट्रीची पदवी म्हणजे काय लागतं, तेही ऐका. महाराष्ट्रात नव्या रचनेत तीन वर्षांत सहा सेमिस्टर आणि १२० ते १३२ क्रेडिट. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, १६० ते १७६. त्यात मेजर केमिस्ट्री, बरोबर मायनर विषय, ओपन इलेक्टिव्ह, भाषा, भारतीय ज्ञान परंपरा, फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिटचं एक प्रॅक्टिकल असेल तर एका सेमिस्टरला ६० तास प्रयोगशाळेत उभं राहायचं. हे तास कुणी पैसे घेऊन कमी करत नाही. "प्रॅक्टिकलला एकच दिवस या" असं जो म्हणेल त्याच्या ऑफिसातून त्याच क्षणी उठा.

मला तर तो एक दिवसही बोलावलं नाही. नऊ हजार घेतले आणि जर्नल हातात दिलं.

हे जर्नल मी विसरू शकत नाही. निळं कव्हर, आत सगळे प्रयोग आधीच लिहिलेले, प्रमाणपत्राच्या पानावर विभागप्रमुखांची सही आणि गोल शिक्का, माझ्या नावाची जागा तेवढी रिकामी. मी उघडलं ते पान पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाच्या टायट्रेशनचं. पायलट रीडिंग, म्हणजे आधी घेतलेलं अंदाजी मोजमाप, ११ ते १२ मिलि. खाली तीन रीडिंग, तिन्ही १०.१३७, आणि सीबीआर, म्हणजे सारखं येणारं अंतिम रीडिंग, १०.१३७. ब्युरेटवर, म्हणजे द्रावण मोजून सोडायच्या नळीवर, ०.१ मिलिची रेघ असते. डोळा कितीही तयार असला तरी अर्ध्या रेघेपर्यंतच अंदाज जातो. हजाराव्या भागापर्यंत वाचणारी ब्युरेट कॉलेजच्या टेबलावर नसते. पायलट अकराच्या वर आणि रीडिंग दहावर, हे होऊच शकत नाही. आणि सूचक म्हणून लिहिलं होतं फिनॉल्फ्थॅलिन! परमँगनेटच्या टायट्रेशनला वेगळा सूचक लागतच नाही, त्याचा स्वतःचा गुलाबी रंगच शेवटचा बिंदू सांगतो. हे बारावीच्या पोरालाही कळतं. मी तर हेच काम रोज करते. ते पान लिहिणारा माणूस कधी ब्युरेटसमोर उभा राहिला नव्हता, हे मला तिथल्या तिथे दिसलं.

मी विचारलंही. गप्प बसले असं नाही. म्हटलं, "हे रीडिंग चुकीचं आहे, आणि मी प्रयोग केलेलेच नाहीत." तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्ही इतकी वर्षं लॅबमध्ये काम करताय. आता आरपीएल आलंय, आधीच्या शिक्षणाची मान्यता. तुमच्या अनुभवाचे क्रेडिट धरलेत आम्ही. जर्नल ही नुसती फॉर्मॅलिटी."

इथेच त्याने मला धरलं. आरपीएल ही कल्पनाही खरी आहे, धोरणात आहे. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं काम मोजलं होतं. कंपनीने कधी मोजलं नाही, ते या चोराने तोंडाने का होईना मोजलं. जर्नलचे नऊ हजार सोडूनही तोवर माझे ५८,५०० भरून झाले होते. घरी दोन मुलं, पाळीची नोकरी, आणि समोरचा माणूस माझ्याच मनातलं बोलतोय. मला भोळी म्हणणाऱ्यांनी माझ्या जागी येऊन बघावं. अनुभव मान्य करायचा म्हणजे विद्यापीठाने माझी परीक्षा घेऊन, माझ्या हातचं काम बघून करायचा. कुणाचे तरी खोटे आकडे माझ्या नावावर चिकटवून नाही.

डिसेंबर २०२५ ची तारीख असलेली पदवी आली. एचआरने पडताळणीला पाठवली. उत्तर वर सांगितलंय. मला बोलावून लेखी खुलासा घेतला. नोकरी टिकली ती लॅबच्या मॅनेजर साहेबांनी माझी बाजू घेतली म्हणून. प्रमाणपत्र खोटं आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, ते खरं म्हणून सादर करणं हाच गुन्हा आहे, हे मला त्या केबिनमध्ये बसल्यावर कळलं. म्हणून सांगते, पदवी हातात आली की ती कंपनीला देण्याआधी स्वतः विद्यापीठाला पडताळणीसाठी लिहा, आणि मार्कशीट डिजीलॉकरमध्ये येते का बघा. माझी आली नव्हती. "सर्व्हर अपडेट व्हायचाय" हे उत्तर मला कित्येकदा मिळालं.

मग सुरू झाली सरकारी दारं.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, "मॅडम, पैसे तुम्ही तुमच्या हाताने दिलेत ना? मग हा व्यवहार झाला, दिवाणीत जा." पावत्या दाखवल्या तर म्हणे, यांचं मुख्य ऑफिस दुसऱ्या जिल्ह्यात आहे, तिकडे तक्रार द्या. त्या जिल्ह्यात गेले तर म्हणे, पैसे जिथे दिले तिथे द्या. एका साहेबांनी तर सरळ सांगितलं, "खोटी डिग्री तुमच्याकडे सापडलीय, आधी तुमच्यावरच दाखल होईल, विचार करा." मी घाबरून उठून आले, आणि तेच त्यांना हवं होतं. सायबर विभागाने यूपीआयचे व्यवहार बघितले आणि म्हणाले फार उशीर झाला, खातं रिकामं आहे, आणि रोख रक्कम आमच्याकडे येत नाही. (ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे मिळायची शक्यता कमी.) आपल्याकडच्या विद्यापीठात गेले तर हे आमचं विद्यापीठ नाही. त्या विद्यापीठाचा फोन वाजत राहतो. युजीसीला ईमेल केला, त्याचं आपोआप येणारं उत्तर तेवढं आलं.

आणि कायदा बघा. युजीसी कायदा १९५६ प्रमाणे पदवी द्यायचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. तो अधिकार नसताना पदवी दिली तर कलम २४ खाली शिक्षा काय? दंड, एक हजार रुपयांपर्यंत. एक हजार! माझ्या एका बोगस जर्नलला त्यांनी नऊ हजार घेतले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने यशपाल खटल्यात छत्तीसगडमधली घाऊक भावाने उघडलेली खासगी विद्यापीठं रद्द केली. २०१७ साली अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ इंजिनिअरिंग पदव्यांवर निकाल दिला. फ्रँचायझी पद्धतीने अभ्यासकेंद्र चालवायला युजीसीची मनाई आहे. तरी प्रत्येक तालुक्याच्या गावात एसटी स्टँडच्या आसपास "कोणत्याही शाखेची पदवी" असा फलक दिसतो. तो फलक पालिकेला दिसतो, पोलिसांना दिसतो, शिक्षण खात्याला दिसतो. कारवाई कुणीच करत नाही, आणि प्रश्न विचारले जातात ते मला, की बाई तुम्ही आधी चौकशी का नाही केलीत.

चौकशी कुठे करायची तेही मला फसल्यावर कळलं. दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशाला २०२४ पासून डीईबी आयडी, म्हणजे युजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, लागतो. तो विद्यार्थी स्वतः युजीसीच्या डीईबी पोर्टलवर काढतो, क्रेडिट बँकेच्या आयडीवरून. एजंट म्हणाला "ते आम्ही बघतो" तर समजून जा. त्याच पोर्टलवर कुठल्या विद्यापीठाला कुठल्या सत्रात कुठल्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे ते दिसतं. विद्यापीठाच्या नावापाशी थांबू नका, अभ्यासक्रमाचं नाव शोधा. प्रयोगशाळा लागणारा अभ्यासक्रम ऑनलाइन देताच येत नाही, २०२० च्या नियमावलीत आहे. दूरस्थ पद्धतीने बी.एस्सी. करता येते, इग्नूची आहे, पण १३२ क्रेडिट, कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, आणि प्रात्यक्षिकांना प्रयोगशाळेत हजर राहावंच लागतं. नोकरी करणाऱ्याला ते जड जातं, मला मान्य आहे. फी फक्त विद्यापीठाच्या खात्यात भरा. माझ्या यूपीआयच्या पावत्यांवर एका माणसाचं नाव होतं, संस्थेचं नव्हतं.

ठाण्यात "हद्द आमची नाही" म्हणाले तर ऐकून घेऊ नका. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. नाही घेतली तर तक्रार लेखी, पोस्टाने, पोलीस अधीक्षकांकडे. मी पाठवलीय, स्पीड पोस्टाने, पोचपावती आलीय. तिथून उत्तर नाही आलं तर वकिलाने दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगितलंय, आणि मी जाणार आहे.

त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसचं नाव आता बदललंय. खुर्च्या त्याच, टेबलावरचं कात्रण तेच, नवी बॅच सुरू आहे. तिथे किंवा तसल्याच ठिकाणी तुम्ही पैसे भरले असतील तर आजच पुढचा हप्ता थांबवा. ऑफिसात जाऊन भांडू नका, त्याने फक्त ते सावध होतात. पावत्या, चॅट, कॉल रेकॉर्डिंग, जर्नल सगळं दोन ठिकाणी जपून ठेवा. जर्नल फाडून टाकू नका, त्यावरची सही आणि शिक्का हाच पुरावा आहे. आणि एकट्याने जाऊ नका. आम्ही फसलेले काही जण एकत्र आलोय, एकच अर्ज देतोय, रकमा आणि तारखांसकट.